पोहताना शरीराला घाम येतो का?

प्रश्न : मी रोज सकाळी तासभर पोहते. धावून आल्यावर माझे कपडे घामाने ओले झालेले असतात, परंतु तलावातून बाहेर आल्यावर घाम आल्याचे कधीच जाणवत नाही आणि तहानही फारशी लागत नाही. पोहताना शरीराला घाम येतच नाही, की तो पाण्यात मिसळल्यामुळे कळत नाही? पोहून झाल्यावर मुद्दाम पाणी पिण्याची गरज आहे का?

उत्तर : घाम येतो. किती येतो, हे मात्र आपण किती जोर लावून पोहता आणि पाणी किती गार आहे, या दोन गोष्टींवर ठरते.

स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या ऊर्जेचा साधारण चौथा किंवा पाचवा हिस्साच हालचालीच्या कामी येतो, बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. पोहताना तर पाणी मागे ढकलण्यातच बरीच शक्ती खर्ची पडत असल्यामुळे उपयोगी पडणारा हिस्सा आणखी लहान असतो. ही उष्णता रक्तावाटे सर्व शरीरात पसरते, आणि शरीराच्या आतले तापमान नेहमीच्या 37 अंश सेल्सिअसच्या वर सरकू लागले की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग त्वचेतील घर्मग्रंथींना कामाला लावतो. माणसाच्या अंगावर अशा 20 ते 40 लाख ग्रंथी असतात. शरीर पाण्यात आहे की हवेत, एवढ्यावरून त्या चालू किंवा बंद होत नाहीत; मुख्यतः आतल्या तापमानाकडे आणि त्याच्या जोडीला त्वचेच्या तापमानाकडे पाहून त्यांना आदेश मिळतो. म्हणूनच गार पाण्यात संथपणे पोहणाऱ्याला जवळपास घाम येत नाही, आणि त्याच पाण्यात वेगाने फेऱ्या मारणाऱ्याला तो येतो.

फरक आहे तो या घामाच्या उपयोगात. हवेत घामाची वाफ होते आणि वाफ होताना तो त्वचेची उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर पडते. पाण्याखाली असलेल्या त्वचेवरील घामाची वाफ होऊच शकत नाही, त्यामुळे तो नुसता वाहून जातो आणि शरीराला त्याच्यापासून काहीही गारवा मिळत नाही. ते काम तिथे पाणी करते. पाणी हवेच्या सुमारे 25 पट चांगले उष्णतावाहक असल्यामुळे स्पर्धांच्या तलावातील 25 ते 28 अंशांचे पाणी अंगातील उष्णता सतत ओढून घेते, आणि बहुतेक वेळा घामाची मोठी गरजच उरत नाही.

पाणी कोमट असेल तर मात्र हा आधार सुटतो, आणि ही बाब मला फार गंभीर वाटते. ऑक्टोबर 2010 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे, समुद्रातील 10 किलोमीटरच्या शर्यतीत, फ्रॅन क्रिपन या अमेरिकी जलतरणपटूचा मृत्यू झाला. त्या दिवशी हवा आणि पाणी दोन्ही तापलेले होते. पुढे खुल्या पाण्यातील शर्यतींसाठी पाण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा 31 अंश ठरवण्यात आली. पाणी उष्णता शोषून घेईनासे झाले आणि घामाचीही वाफ होत नसली, तर शरीराकडे थंड होण्याचा मार्गच राहत नाही.

आपल्याला स्वतः खात्री करून घ्यायची असेल, तर जोरात पोहून झाल्यावर लगेच कपाळ आणि मान टॉवेलने कोरडी करून दोन-तीन मिनिटे सावलीत शांत बसून पाहा. अंग आतून अजून तापलेले असते आणि गार पाण्याचा स्पर्श संपलेला असतो, त्यामुळे भुवयांच्या वर आणि वरच्या ओठावर बारीक थेंब पुन्हा उमटू लागतात. केस नीट पुसलेले असतील, तर हे थेंब तलावाच्या पाण्याचे नसतात. अधिक अचूक मोजमाप हवे असेल, तर पोहण्याआधी आणि नंतर अंग व केस पूर्ण कोरडे करून वजन करावे. मधल्या काळात काही खाल्ले-प्यायले नसेल आणि लघवीलाही गेला नसाल, तर कमी झालेले वजन मुख्यतः घामाचे असते. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर.

तहान न लागण्यामागे केवळ घाम न दिसणे हे कारण नाही. पाण्यात उतरल्यावर पाण्याच्या दाबामुळे हातापायांतील रक्त छातीकडे सरकते. त्यामुळे शरीरात द्रव जास्त झाला आहे असा संकेत मिळतो, तहान मंदावते आणि मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करू लागतात. पोहताना वारंवार लघवीला लागते ती यामुळेच. म्हणजे घाम कमी आला तरी पाणी दुसऱ्या वाटेने शरीराबाहेर जातच असते. तेव्हा तासभर पोहणार असाल, तर पाण्याची बाटली काठावर ठेवावी, मध्ये थांबून चार घोट घ्यावेत आणि बाहेर आल्यावर तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे.

आपण विचारलेले नाही, तरी याच विषयातली एक गोष्ट सांगतो. तलावाजवळ जो उग्र वास येतो आणि ज्याने डोळे चुरचुरतात, तो बहुतेक वेळा निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांतील युरिया व अमोनिया यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात, त्यांचा तो वास असतो. तलावात आलेला घाम आपण अडवू शकत नाही, पण व्यायाम करून किंवा उन्हातून येऊन तसेच पाण्यात उतरणे नक्की टाळता येते. त्यासाठी आधी शॉवरखाली मिनिटभर अंग चोळून धुणे पुरेसे असते.