विषातील विकरे आणि संशोधनाच्या वाटा

प्रश्न : माझी मुलगी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली असून सापांच्या विषातील विकरांवर (एन्झाइमांवर) पीएच.डी. करायचे म्हणते. सर्पदंशावरची लस बनवण्यापलीकडे या विषयाला वाव आहे का? शिवाय सापांशी रोजचा संबंध येईल, ही धास्ती आहेच. – एक वाचक, सांगली

उत्तर : वाव निश्चित आहे, आणि अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांची कारकीर्द त्याचे उत्तम उदाहरण आहे. कोहेन मुळात सापांचे अभ्यासक नव्हते. मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेट करताना त्यांनी विद्यापीठाच्या हिरवळीवरून रात्री-रात्री पाच हजारांहून अधिक गांडुळे वेचली होती. पुढे सेंट लुईस येथे ते चेताशास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्यासह उंदराच्या अर्बुदातील (ट्यूमरमधील) एका घटकाचा शोध घेऊ लागले. हा घटक मिळाला की कोंबडीच्या गर्भातून काढलेल्या चेतापेशींच्या पुंजक्याभोवती काही तासांतच तंतूंचे वलय उमटत असे. तो न्यूक्लिइक आम्ल (डीएनए, आरएनए यांसारखा पदार्थ) आहे की प्रथिन, हे ठरवण्यासाठी त्यांनी अर्कात सापाचे विष मिसळले, कारण विषातील फॉस्फोडायएस्टरेज हे विकर न्यूक्लिइक आम्लाचे तुकडे करते. पडताळ्यासाठी नुसते विष घातलेला नमुनाही शेजारी ठेवला होता, आणि त्यातही तंतू भरघोस उगवले! हत्यार म्हणून आणलेल्या विषातच तो घटक, अर्बुदापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात, होता. पडताळ्याचा तो साधा नमुना मला या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचा वाटतो.

हे काम १९५६ साली प्रसिद्ध झाले. सापाची विषग्रंथी आणि सस्तन प्राण्यांची लाळग्रंथी यांचे नाते ध्यानात घेऊन कोहेन उंदराच्या लाळग्रंथीकडे वळले. तिचा अर्क टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे दोन आठवड्यांऐवजी सातव्या दिवशीच उघडले, आणि त्यामागचे प्रथिन, ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’, त्यांनी १९६२ मध्ये वेगळे केले. कोहेन आणि लेव्ही-मोन्ताल्चिनी या दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले. आज फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या अहवालात दिसणारे ‘ईजीएफआर’ म्हणजे याच प्रथिनाला पेशीवर पकडणारा ग्राही (रिसेप्टर) होय.

धास्तीबद्दल सांगायचे तर, विकरांवर काम करणाऱ्यांच्या हाती बहुधा साप येतच नाही. येते ते गोठवून वाळवलेले, पुष्कळदा पिवळसर दिसणारे विष. ते विषच असल्याने हातमोजे आणि दक्षता हवीच. तो पिवळेपणाही बहुतांशी विषातल्या एल-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज या विकराचाच असतो.