आईच्या गुडघेदुखीसाठी भाऊ अमेरिकेतून क्रॅटमची पावडर पाठवतोय, हर्बल आहे म्हणे. द्यावी का?

नका देऊ. का ते सांगतो, जरा लांबेल.

मी 4 वर्षं टेक्सासमध्ये होतो, तिथे माझा रूममेट हेच घ्यायचा. सांगलीकडचा पोरगा, स्लिप डिस्कचा त्रास, आणि तिकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे दुखण्यापेक्षा बिलाचीच धास्ती जास्त. क्रॅटम म्हणजे एका झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड, तिकडे पेट्रोल पंपावरच्या दुकानात च्युइंगगमच्या शेजारी ठेवलेली असते. पावडर बघाल तर थेट मेंदीसारखी हिरवी, आणि कडू इतकी की काडेचिराईत परवडला. हा पठ्ठ्या संत्र्याच्या ज्यूसमध्ये चमचाभर घालायचा आणि नाक दाबून एका दमात प्यायचा, मग सिंकमध्ये हिरवा गाळ, तो मी धुवायचा.

फरक पडला का? पडला ना, खोटं कशाला बोलू, अर्ध्या तासात पाठ मोकळी व्हायची. पण ते जडीबुटी म्हणून नाही. त्या पानात मित्रागायनिन म्हणून द्रव्य असतं, ते मेंदूत जाऊन बसतं ती जागा अफू-मॉर्फिनचीच. एखाद-दोन ग्रॅम घेतलं तर कडक कॉफी प्यायल्यासारखी तरतरी (झाडही कॉफीच्याच कुळातलं आहे), जास्त घेतलं की गुंगी.

थायलंड-मलेशियात मजूर लोक पिढ्यानपिढ्या याची ताजी पानं चघळत आलेत, उन्हात काम ओढायला, आपल्याकडे तंबाखू मळतात तसंच. थायलंडने 1943 साली कायदा करून बंद केलं होतं, ते 2021 च्या ऑगस्टमध्ये परत मोकळं केलं. म्हणजे अगदी विष आहे असं माझं म्हणणं नाही, पण बागेत चार पानं चघळणं वेगळं आणि पाकिटातली पावडर वेगळी, तिच्यात नेमकं काय आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. 2018 मध्ये अमेरिकेत क्रॅटममधून साल्मोनेला या जंतूची लागण झाली होती, 199 लोक आजारी पडले. आता तर 7-ओएच नावाच्या गोळ्या आल्यात, पानात जे नावापुरतं असतं तेच काढून ठासून भरलेलं. त्यावर कडक निर्बंध लावा असं खुद्द एफडीएने, म्हणजे तिकडच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, जुलै 2025 मध्ये सांगितलंय. भाऊ पावडर म्हणतोय की या गोळ्या, ते आधी विचारा.

आमच्या मित्राचं पुढे काय झालं ते ऐका. चमच्याचे तीन चमचे झाले, दिवसातून चार वेळा. बद्धकोष्ठ इतकं की इसबगोलचा डबा मायक्रोवेव्हवर कायमचा मुक्कामाला. मग गणपतीला आम्ही दोन दिवस ऑस्टिनला एका मित्राकडे गेलो आणि हा पुडी घरी विसरला. दुसऱ्या दिवशी आरतीला उभा तर नाक गळतंय, अंग मोडून आलंय, चिडचिड, रात्रभर पाय झाडत होता, आम्हाला वाटलं फ्लू. फ्लू कसला, पावडरीची सवय. शेवटी डॉक्टरला खरं काय ते सांगितलं आणि थोडं थोडं कमी करत सोडायला दोन महिने गेले.

हे 30 वर्षांच्या धडधाकट पोराचं झालं. तुमची आई किती वर्षांची आहे, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, तुम्ही लिहिलं नाही, पण गुडघे दुखायच्या वयात बहुधा असतातच. क्रॅटम लिव्हरमध्ये बाकीच्या औषधांच्या वाटेत येतं, ती रक्तात साचू शकतात. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा झोपेची गोळी चालू असेल तर श्वास मंदावेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. काहींना कावीळ होते, काहींना फिट्स येतात. आणि चक्कर येऊन बाथरूममध्ये पडल्या तर गुडघा राहील बाजूला, खुब्याचं ऑपरेशन निघेल.

अजून एक, भाऊ स्वतः घेऊन येणार असेल आणि विमान सिंगापूरवरून असेल तर त्याला आजच फोन करा. तिथे हे अंमली पदार्थांच्या यादीत आहे, वरच्या वर्गात, आणि ते लोक याबाबतीत चेष्टा करत नाहीत. अमेरिकेतही अलाबामा, इंडियाना, विस्कॉन्सिनमध्ये बंदीच आहे.

आणि कोणी सांगेल की आपल्या विदर्भातला कळंब म्हणजेच क्रॅटम, तर तसं नाही, चुलतभाऊ म्हणा हवं तर, झाड वेगळं. त्याची पानं उकळायला जाऊ नका.

गुडघ्याचा एक्स-रे काढलाय का? नसेल तर आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, मांडीच्या व्यायामाने बऱ्याच जणांना आराम पडतो, माझ्या मावशीला पडला. भावाला पाठवायचंच असेल तर एक चांगली नी-कॅप पाठव म्हणावं, साइज मोजून.