वडिलांचे डायलिसिस आणि जुना अबोला

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

जातीबाहेर लग्न केलेस म्हणून ज्या वडिलांनी तुझ्या नावाने आंघोळ केली, ते आता आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खाटेवर असतात, आणि इतकी वर्षे तुझे नावही न काढणारे नातेवाईक तुला रोज फोन करू लागले आहेत. जाऊ की नको, हा तुझा प्रश्न आहे. किडनी देण्याचा विषय मात्र तू एका ओळीत उरकला आहेस, आणि मला तोच अधिक अवघड वाटतो. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

तू जावेस, असे माझे मत आहे. पण माफी मागायला किंवा मागून घ्यायला नव्हे. मशीनवरून उतरलेला माणूस इतका गळून गेलेला असतो, आणि या आजारात चिडचिड व निद्रानाश इतका नेहमीचा असतो, की त्या वेळी जुना हिशेब काढून कुणाच्याच पदरी काही पडत नाही. करण्यासारखी कामे मात्र पुष्कळ आहेत. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचे, प्रेमाने शहाळे घेऊन आलेल्या पाहुण्याला ते पोटॅशियममुळे का चालत नाही हे समजावायचे, दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढले ते वहीत लिहायचे. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, ज्या हातावर आहे त्यावर बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही आणि डायलिसिसखेरीज सुईही टोचू द्यायची नाही. त्या हातावर बोटे ठेवलीस तर कातडीखाली रक्ताची थरथर लागते. ती रोज पाहायची असते, आणि लागेनाशी झाली तर तडक रुग्णालय गाठायचे असते. बोलणे बंद असलेल्या बापाचा हात हातात घ्यायला एरवी निमित्त सापडत नाही, इथे ते रोजचेच काम आहे. खर्चाविषयी, रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेट.

आता किडनीविषयी. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मुलगी जवळची नातेवाईक ठरते, म्हणून सगळ्यांची नजर तुझ्याकडे वळली आहे. पण त्याच कायद्याला दात्याची स्वखुशीची संमती लागते, आणि दाती स्त्री असेल तर तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असे 2014 चे नियम सांगतात. हे नियमात लिहावे लागले, यातच आपल्या घरांची रीत दिसते. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायका बहुसंख्य असतात, आणि 'तो कमावता आहे' एवढ्या कारणावर मुलगा तपासणीआधीच बाजूला काढला जातो. तुझ्या भावाची तपासणी झाली आहे का, हे कुणाला तरी विचार.

किडनी दिली म्हणजे माहेरचे दार उघडेल, असे मनाच्या कोपऱ्यातही असेल तर देऊ नकोस. वडील नंतरही बोलले नाहीत तर तुला ते सोसणार नाही. ते कधीच बोलणार नाहीत असे धरूनही द्यावीशी वाटली, तर तपासणीला जा. पुढे मूल हवे असल्यास तेही डॉक्टरांना आधी सांग. त्यांच्याशी एकटीने बोल, सोबत आत्या नको आणि आईही नको. शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत नकार देता येतो, आणि त्याचे कारण घरच्यांना कळू देऊ नये अशी विनंतीही करता येते. नकार दिलास तरी भाजी उकळायला आणि वही लिहायला तू जाऊ शकतेस. एकाची भरपाई म्हणून दुसरे करायचे नसते.

पहिल्या भेटीला नवऱ्याला न्यावे का, असे तू विचारले आहेस. जरूर ने. खाटेजवळ बहुधा एकालाच बसू देतात, तेव्हा तू आत जा आणि त्याने बाहेर तुझ्या आईजवळ बसावे; ते चार तास ती बाकावर एकटीच काढत असते.

कळावे.