फ्रॉक मापाचा कसा निघतो?

पत्र अमळनेरहून आलंय. नवरा 7 वर्षांपूर्वी सुरतला साड्यांच्या कारखान्यात गेला. वर्षभरात फोन बंद झाला, पैसा तर आलाच नाही. बाई माहेरी राहून शिवणकाम करते. आता तो परतलाय आणि 11 वर्षांच्या मुलीला दर रविवारी भेटू दे, नाहीतर कोर्टात जाईन म्हणतो. भाऊ म्हणतो, पोरीचं तोंडही दाखवू नको.

ताई, पत्रातला बहुतेक कागद तू नवऱ्यावर खर्च केलास. तो नालायकासारखाच वागला, त्यावर मी शाई घालवत नाही. मी अडले ती शेवटाला घाईत लिहिलेल्या ओळींवर: ‘सासूबाई दर अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलीला फ्रॉक आणतात. मी दारातूनच घेते, आत बोलवत नाही. फ्रॉक मात्र मापाचा निघतो.’

माय वं! तू दिवसभर मशीनवर बसतेस. वाढत्या अंगाचं माप अंदाजाने जमतं का? एखाद्या वर्षी जमेल. दरवर्षी खांदा बरोबर, उंची बरोबर? तुझी मुलगी आजीला भेटते. शाळा सुटल्यावर म्हण, बाजारात म्हण, पण भेटते, आणि तुझ्यापासून लपवते. म्हातारीच्या पोराने पळ काढला, यात तिचा काय गुन्हा? तरी ती दरवर्षी तुझ्या दारात येऊन उभी राहते आणि तू पिशवी घेऊन दार लावतेस. एवढ्याशा पोरीला चोरून भेटायची सवय तू लावलीस. मला राग येतो तो याचा.

कोर्टाचं म्हणशील, तर 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली तो अर्ज करू शकतो. तिथे आधी मुलीचं हित बघतात. इतकी वर्षं फिरकला नाही, हे न्यायाधीशांच्या नजरेतून सुटणार नाही, तेव्हा ताबा त्याला सहज मिळायचा नाही. भेट मात्र बहुधा मिळते. पोटगी दिली नाही म्हणून भेट नाही, असा सौदा चालत नाही. पोटगीचा अर्ज वेगळा कर, जरूर कर. जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील फुकट मिळतो, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. आणि एक लक्षात ठेव, न्यायाधीश मुलीला चेंबरमध्ये एकटीला बोलावून विचारू शकतात. तिथे ती आजीचं नाव घेईल आणि तू बाहेर बाकावर असशील.

म्हणून नोटिशीची वाट बघू नको. आज रात्री मुलीला सांग, ‘तू आजीला भेटतेस ते मला माहीत आहे, मी रागावले नाही.’ रविवारी सासूबाईंना घरात घे, पोरीदेखत चहा दे. नवऱ्याची पहिली भेट त्यांच्या घरी, त्यांच्यासमोर, तासभर. सुरतला नेणं नाही, रात्री ठेवून घेणं नाही. भाऊ तोंड फिरवेल. फिरवू दे, पोर त्याची नाही.