राजकीय मतभेदांवरून एखाद्याचा ख्रिस्ती विश्वास खोटा ठरवता येतो का?

आपण विचारले आहे की, आपल्याला उघडउघड अन्यायकारक वाटणाऱ्या पक्षाला मत देणारा मंडळीतील (चर्चमधील) भाऊ खरा विश्वासणारा असू शकतो का, आणि नसल्यास तसे त्याला तोंडावर सांगावे का. आधी माझी कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका निवडणुकीनंतरच्या रविवारी, आमच्या मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीसाठी, पुढे गेले, तेव्हा ‘हे कोणत्या तोंडाने भाकर घेतात?’ असा विचार माझ्या मनात आला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेतील मंडळ्यांचा इतिहास वाचताना तो विचार मला बराच टोचला, कारण तेथील सारा वाद प्रभुभोजनाच्या मेजापासूनच सुरू झालेला आहे.

तेथील डच रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट मंडळीच्या 1857 च्या धर्मसभेने असे ठरवले की, सर्व वर्णांच्या विश्वासणाऱ्यांनी एकत्र उपासना करणे हेच इष्ट आणि वचनाला धरून आहे. परंतु ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ ते अडचणीचे होत असेल, तर वेगळ्या इमारतीत उपासना करण्यास हरकत नाही. ही दुर्बलता अर्थातच गोऱ्यांची होती. सवलत म्हणून आलेली ही गोष्ट पुढे नियम झाली, 1881 मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळी मंडळी निघाली, आणि 1948 नंतर वर्णविद्वेष (अपार्थाइड, म्हणजे वर्णानुसार लोकांना सक्तीने वेगळे ठेवणे) हे सरकारी धोरण झाले, तेव्हा त्याला बायबलचा आधार पुरवण्याचे कामही याच गोऱ्या मंडळीने केले. 1974 च्या तिच्या अधिकृत अहवालात वेगळेपणाच्या समर्थनार्थ बाबेलच्या बुरुजाची, म्हणजे देवाने माणसांच्या भाषा वेगळ्या करून त्यांना पांगवल्याची, बायबलमधील कथा पुढे केलेली आहे.

बायर्स नॉडे हे याच मंडळीचे पाळक. त्यांचे वडील आफ्रिकानर (मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या) लोकांच्या ‘आफ्रिकानर ब्रूडरबोंड’ या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होते आणि ते स्वतःही तिचे सभासद होते. 21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात 69 माणसे मेली, त्यानंतर त्यांना गप्प बसवेना. 1963 मध्ये ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ या वचनावर उपदेश करून त्यांनी आपल्या गोऱ्या मंडळीचा निरोप घेतला. स्वकीयांनी त्यांना गद्दार ठरवले आणि 1977 पासून सात वर्षे सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम लादून त्यांच्या हालचालींवर व बोलण्यावर निर्बंध घातले. म्हणजे राजकारणावरून विश्वास तोलण्याचा खेळ अन्यायाच्या बाजूची माणसेही तितक्याच आवेशाने खेळतात. निवाडा कठोर आहे एवढ्यावरून तो खरा ठरत नाही.

1982 मध्ये कॅनडातील ओटावा येथे रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक सभा भरली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील काही कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय प्रतिनिधींनी गोऱ्या प्रतिनिधींबरोबर प्रभुभोजन घेण्यास नकार दिला. सव्वाशे वर्षे ज्यांना मेजापासून दूर ठेवले, त्यांनीच आता मेज नाकारले. सभेने वर्णविद्वेष हे पाप आणि त्याचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड, म्हणजे खऱ्या विश्वासाविरुद्धची शिकवण, असल्याचे जाहीर केले, आणि दोन गोऱ्या मंडळ्यांचे सभासदत्व स्थगित केले. माझ्या मते हा निवाडा योग्यच होता.

तो योग्य का, हे त्याच वर्षी मिश्रवंशीयांच्या मंडळीने तयार केलेल्या ‘बेलहार कबुली’ या विश्वासाच्या जाहीरनाम्यावरून कळते. ती 1986 मध्ये अधिकृतपणे स्वीकारली गेली. तिच्यासोबतच्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे की, ही कबुली विशिष्ट माणसांवर किंवा मंडळ्यांवर रोखलेली नसून शुभवर्तमानालाच, म्हणजे येशूच्या संदेशालाच, धोका निर्माण करणाऱ्या खोट्या शिकवणीविरुद्ध आहे. ज्यांना पिढ्यान्पिढ्या वेगळ्या दाराने आत घेतले, त्यांनी हा भेद पाळावा, हे मला आजही थक्क करते. (आमच्यासारख्यांचा राग बहुधा नुसत्या बातम्या पाहून आलेला असतो, आणि तरीही आम्हाला तेवढे जमत नाही.) 1990 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रस्टेनबर्ग येथील मंडळ्यांच्या परिषदेत विली योंकर या गोऱ्या धर्मशास्त्रज्ञाने वर्णविद्वेषातील स्वतःच्या आणि आपल्या मंडळीच्या दोषाची जाहीर कबुली दिली आणि वर्णविद्वेषाविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी ती स्वीकारली. ते काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींना रुचले नाही, आणि त्यांनाही मी दोष देणार नाही. पण योंकर यांना आधीच खोटा ख्रिस्ती ठरवून मोकळे झाले असते, तर ही कबुली ऐकायला समोर कोणी उरलेच नसते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: मत देताना माणूस भीती, जात, स्थानिक उमेदवार, पाण्याचा प्रश्न, चुकीची माहिती अशा अनेक गोष्टी एकत्र करून निर्णय घेतो, आणि त्या गाठोड्यावरून त्याच्या तारणाचा अंदाज बांधणे आपल्या आवाक्यातले नाही. तोच माणूस ‘अमुक लोक आपल्या मेजावर नकोत, हीच देवाची इच्छा आहे’ असे शिकवू लागला, तर मात्र ती शिकवण खोटी आहे हे त्याच्या तोंडावर, शक्यतो आधी एकांतात आणि मग गरज पडल्यास मंडळीसमोर सांगावे. म्हणून आपल्या त्या भावाला आधी एवढेच विचारा की, त्याने ते मत कशासाठी दिले. मी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना हे विचारायला दोन वर्षे लावली, आणि त्यांचे उत्तर पक्षापेक्षा त्यांच्या मुलाच्या थांबलेल्या नोकरीविषयी अधिक होते.