'जमलंच पाहिजे'मधला च

मी समुपदेशक. दिवाळी उरकली की नाशिकमध्ये माझ्यासमोर एक वाक्य हमखास येतं, "थंडीत मी अगदी निकामी होते, मॅडम." कुणाचा पाय पोलिओने अधू, कुणाच्या मणक्याला इजा, कुणी लकव्यातून सावरणारं. त्यातल्या एका ताईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

ताई पन्नाशीच्या. लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायात कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी आवळायचा आधाराचा सांगाडा. कारकुनाची नोकरी, वेळ साडेनऊची. एरवी सगळ्यांच्या आधी हजर. डिसेंबर लागला की मात्र पाय गार, निळसर पडतो आणि पट्टे आवळताना बोटंही वळत नाहीत. मग रजा. अर्जात दरवेळी एकच कारण, ताप.

"ताप का लिहिता?"

"थंडी वाजते म्हणून रजा मागू? आळशी म्हणतील. मलाही तसंच वाटतं. आजवर सगळं जमवलं, मग हेही जमलंच पाहिजे."

मी त्या 'च'पाशी थांबले. माझं निम्मं काम या एका अक्षराभोवती फिरतं. 'जमावं' ही इच्छा, ती माणसाला उठवते. 'जमलंच पाहिजे' हा हुकूम. तो मोडला की माणूस स्वतःला शिक्षा करत बसतो. दोन भेटी मी हेच बोलले. ताई मान डोलवायच्या, पण आत काही उतरत नव्हतं.

चौथ्या भेटीत माहेरचा विषय निघाला. माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. तिथली थंडी नाशिककरांना सांगायला नको. "पारा फार उतरला की अण्णा पहाटे बागेत शेकोट्या पेटवायचे, पाणी सोडायचे. नाही तर मणी तडकतात."

"मग अण्णा वेलींना आळशी म्हणायचे का?"

त्या हसल्या. मग गप्प झाल्या. स्वेटरच्या बाहीचा सुटलेला धागा कितीतरी वेळ बोटाला गुंडाळत राहिल्या. "तीनला उठायचे हो वेलींसाठी. आणि मी माझ्या पायाला रोज शिव्या घालते."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहायचं असतं, हे मला फार वर्षांनी जमायला लागलंय.

पोलिओच्या पायात स्नायू थोडे, म्हणून रक्त नीट खेळत नाही. पाय गारठतो आणि गारठला की उरलीसुरली ताकदही घटते. यात स्वभावाचा काय दोष? ताईंनी मग पहाटेची अंघोळ रात्रीवर नेली. कॅलिपर गॅलरीऐवजी पलंगाशी, जुन्या शालीत गुंडाळून. लोकरी मोजा पांघरुणातच चढवायचा. कुबडीचं झिजलेलं रबर बदललं, कारण दवाने ओल्या फरशीवर तेच घसरतं. आणि साहेबांकडे दोन महिन्यांपुरती साडेदहाची वेळ मागितली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे, त्यात अशा वाजवी सोयीची तरतूद आहे; मागताना ओशाळू नका.

एक मात्र कळकळीने सांगते. ताईंच्या पायाला स्पर्श कळतो. मणक्याच्या इजेत अनेकांना तो कळत नाही. त्यांनी पायाशी गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर ठेवू नये, भाजलं तरी समजत नाही. अंघोळीचं पाणीही आधी कोपराने पाहावं.

जानेवारीत पारा पुन्हा उतरला तेव्हा ताईंनी एक रजा घेतलीच. अर्जात लिहिलं होतं, "थंडीने पाय आखडला आहे."