खोली किंवा बँक खातं घेताना आधारला नाही म्हणता येतं का?

हो, येतं. यवतमाळहून नागपुरात शिकायला आलात, धरमपेठेतल्या हॉस्टेलच्या काकांनी आधारची झेरॉक्स मागितली आणि बँकेत "आधारशिवाय खातं नाही" असं ऐकलं, असं तुम्ही लिहिलंय. मी इथे वकिली करते. कॉलेजं सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो.

आधी बँक. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा ४ विरुद्ध १ मताने टिकवला, पण बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. मग २०१९ च्या दुरुस्तीने मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात कलम ११अ आलं. ओळख आधारने पटवायची की पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार कार्डाने, हे ग्राहकाने ठरवायचं. आधार क्रमांक नाही म्हणून सेवा नाकारता येत नाही. अंगठा लावला की काम लवकर उरकतं, म्हणून काउंटरवर आधारच पुढे केलं जातं. ती त्यांची सोय झाली, तुमच्यावरचं बंधन नाही.

मात्र शिष्यवृत्तीचं वेगळं आहे. सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या लाभासाठी आधार मागता येतं. आधार कायद्याचं कलम ७ न्यायालयाने कायम ठेवलंय. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज करणार असाल तर खात्याला आधार जोडूनच घ्या, नाहीतर पैसे अडकतील.

आता हॉस्टेल. कोण राहतंय हे काकांना कळायलाच हवं, पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्यावी लागते. पण त्यासाठी लायसन्स किंवा मतदार कार्ड चालतं. आधार कार्ड पाहून ओळख पटवणाऱ्याने तुमची संमती घ्यावी, दुसरा पर्याय सांगावा आणि आधार क्रमांक साठवू नये, असं आधार कायद्याचं कलम ८अ सांगतं. मला खरी काळजी वाटते ती ड्रॉवरमध्ये पडून राहणाऱ्या झेरॉक्सांची. पोरं खोली सोडून जातात, त्यांचे बारा आकडे तिथेच राहतात. आधारच द्यायचं असेल तर 'माय आधार' या सरकारी संकेतस्थळावरून मास्क्ड प्रत काढा. तिच्यावर शेवटचे ४ आकडेच दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त हॉस्टेल प्रवेशासाठी" असं आडवं लिहून सही करा.

काकांशी वाद घालू नका, दुसरं ओळखपत्र पुढे करा. बहुतेकांना तेवढं पुरतं. बँक अडून बसली तर नकार लेखी मागा, शाखेत तक्रार देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही.